निनावी राजकीय लिखाण आणि पत्रकाराचा मेल: आज रात्री काय करावं

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं टोपणनावाने राजकीय लिखाण करताय आणि आज एका पत्रकाराचा मेल आला: 'हा आयडी तुमचाच ना? उद्या दुपारपर्यंत कळवा.' सगळं डिलीट करून टाकू का, असं विचारलंय.

आज रात्री तरी नको. स्क्रीनशॉट त्याच्याकडे असणारच. पुसलंत तर अर्धवट उचललेल्या वाक्याच्या मागचं-पुढचं दाखवायला तुमच्याच हाती काही उरणार नाही. आधी स्वतःच्या लिखाणाची पूर्ण प्रत उतरवून घ्या. मग मुलांचे फोटो, घराचा पत्ता, कामाच्या वेळा हे मात्र लगेच काढा.

मी बातमीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत. असा मेल आला म्हणजे त्यांची खात्री पटलेलीच असते असं नाही. पुष्कळदा तो शेवटचा दुवा जुळवायलाच पाठवलेला असतो. 'तुम्हाला माझं नाव कुठून कळलं?' असं रागाच्या भरात लिहिलंत, की ती कबुलीच झाली. साफ नकारही देऊ नका. तो खोटा ठरला तर त्याचाच मथळा होतो.

नाव कुठून कळतं, हे 2017 च्या प्रकरणात नीट दिसतं. ट्रम्प कुस्तीत एका माणसाला लोळवतात आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीचा लोगो चिकटवलेला आहे, असा व्हिडिओ ट्रम्प यांनी जुलैमध्ये ट्वीट केला. त्यामागची जीआयएफ, म्हणजे छोटी हलती चित्रफीत, आपली आहे, असं रेडिट या चर्चेच्या साइटवर टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने सांगितलं. त्याचं खातं कुणी फोडलं नाही. त्याने स्वतःबद्दल जागोजागी लिहिलेले तपशील सीएनएनने एकत्र केले, फेसबुकवर शोधलं आणि माणूस सापडला. तुमच्या बाबतीतही बहुधा असंच झालं असेल. जुन्या साइटवरचं तेच टोपणनाव, नोकरीबद्दल सहज केलेला उल्लेख, दोन्हीकडे टाकलेला एकच फोटो, एवढं पुरतं.

त्या माणसाचं लिखाण वंशद्वेषी होतं, त्याची बाजू मी घेत नाही. त्याने माफी मागितली, पोस्ट काढल्या आणि सीएनएनने नाव छापलं नाही. पण यात बदल झाला तर नाव जाहीर करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो, असंही बातमीत लिहिलं. हे वाक्य मला आजही अक्षम्य वाटतं. नाव छापणं लोकहिताचं असेल तर छापा, नसेल तर विषय सोडा. एखाद्याच्या पुढच्या वागणुकीवर त्याचं नाव टांगून ठेवणं हे पत्रकाराचं काम नव्हे.

कायद्यावर फार विसंबू नका. निनावी राजकीय पत्रकं वाटण्याचा हक्क अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये मान्य केला, पण तो सरकारविरुद्ध, वर्तमानपत्राविरुद्ध नव्हे. ब्रिटनमध्ये 'नाइटजॅक' नावाने ब्लॉग लिहिणारा एक पोलीस अधिकारी सरकारी धोरणांवरही टीका करायचा. 'द टाइम्स'ला आपलं नाव छापण्यापासून रोखा, म्हणून तो 2009 मध्ये न्यायालयात गेला. ब्लॉग लिहिणं ही मुळात सार्वजनिक गोष्ट आहे, त्यात खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असं सांगून न्यायाधीशांनी मागणी फेटाळली. नाव छापलं गेलं, पोलीस खात्याने त्याला लेखी समज दिली, ब्लॉग बंद झाला. पुढे उघड झालं की बातमीदाराने त्याच्या ईमेल खात्यात शिरून नाव मिळवलं होतं आणि मग तेच उघड माहितीवरून जुळवून दाखवलं होतं. 2012 मध्ये वृत्तपत्राने 42,500 पौंड भरपाई दिली. गेलेलं टोपणनाव मात्र परत आलं नाही.

म्हणून आजच ईमेलचा पासवर्ड बदला, टू-स्टेप पडताळणी सुरू करा, कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते तपासा. काही संशयास्पद दिसलं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

मेल खरंच त्या संस्थेचा आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून पडताळा. पत्रकाराच्या नावाने कुणीही मेल पाठवू शकतो. उत्तर दोन-तीन ओळींचं, लेखी आणि संपादकालाही प्रत जाईल असं पाठवा. बातमी कशाबद्दल आहे, नाव छापण्यात कोणतं लोकहित आहे, एवढंच विचारा. तुम्ही पदावर नाही, पक्षाचे पैसे घेत नाही, कुणाला धमकी दिलेली नाही, हे सगळं खरं असेल तर तोच तुमचा सर्वात भक्कम मुद्दा आहे. पण तो मांडला की आयडी तुमचा आहे हे मान्य केल्यासारखं होतं, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय मांडू नका. त्या पत्रकाराशी फोनवर बोलू नका. आणि 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणजे हे छापायचं नाही, असं बोलण्याआधी दोघांनी मान्य करायचं असतं. बोलून झाल्यावर म्हटलं तर पत्रकारावर बंधन नसतं.

घरच्यांना मात्र आजच सांगा. उद्या शेजाऱ्याच्या फोनवरून त्यांना कळू देऊ नका. काय उत्तर आलं ते इथे लिहा, मी रात्री जागा आहे.