पिक्चर नंतर, आधी मशीन भाड्यानं दे

अगं, तुझा मेसेज वाचला, सोबतचं रीलपण बघितलं. आटपाडीत मूव्ही रेंटलचं दुकान टाकायचंय, भिंतभर डीव्हीडीची कव्हरं, कोपऱ्यात बाकडं, लोक येतील गप्पा मारतील पिक्चर घेऊन जातील. काका हसतील म्हणून भीत भीत लिहिलंयस ते कळलं. हसलो नाही. विट्यात इतकी वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवलेला माणूस यावर हसणार कसा, उलट रात्री झोप आली नाही म्हणून हे लिहायला बसलोय, लांबलचक होईल, जेवण झाल्यावर वाच.

आधी ते रील डोक्यातून काढ. ते दुकान अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या बेंड गावातलं, ब्लॉकबस्टर या कॅसेट-डीव्हीडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं जगात उरलेलं शेवटचं दुकान, 2019 ला ऑस्ट्रेलियातलं बंद पडलं तेव्हापासून ते एकटंच आहे. त्यामुळं लोक लांबून ते बघायला येतात, फोटो काढतात, टी-शर्ट घेऊन जातात. आटपाडीत शनिवारी बाहेरचा माणूस येतो तो शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराला, तुझा टी-शर्ट घ्यायला नाही येणार. आणि त्याच अमेरिकेत नेटफ्लिक्सनं घरपोच डीव्हीडी पाठवायचं काम सप्टेंबर 2023 मध्ये बंद केलं, ज्या धंद्यावर ती कंपनी उभी राहिली तोच.

आता आमचा धंदा कशावर चालायचा ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही कॅसेटवर पैसे कमवले. कॅसेटचं भाडं चहापाण्यात जायचं गं. 1982 च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आला पण तो गावात मोजक्या घरात, आणि कॅसेट चालवायची मशीन, व्हीसीआर किंवा व्हीसीपी, तर त्याहून कमी. मग बारसं असो, गणपती असो, जत्रेचा दुसरा दिवस असो, लोक यायचे आणि म्हणायचे एका रात्रीला टीव्ही, व्हीसीपी आणि तीन पिक्चर. पैसे घेत होतो ते टीव्ही-व्हीसीपीचे, सोबत पोरगा जायचा जोडून द्यायला, पहाटे परत आणायला. पिक्चर कुठला याच्यावर भांडणं व्हायची, भाड्यावर नाही. पुढं व्हीसीडी प्लेअर स्वस्त झाला, घराघरात गेला, तिथंच आमचा निम्मा गल्ला गेला, कारण आता माणूस नुसती सीडी न्यायला यायचा. मग 2007 च्या सुमारास एका कंपनीनं ओरिजिनल व्हीसीडी 28 रुपयांना आणली, आमचं भाडं आणि त्यांची विक्री यात फरकच राहिला नाही. मग मोबाईलच्या मेमरी कार्डात पिक्चर भरून द्यायचा उद्योग आला, मग सप्टेंबर 2016 ला जिओ. मी जिओची वाट बघत बसलो नाही, त्याआधीच गाळा सोडला.

यातून मी काढलेला अर्थ एवढाच, की लोक पिक्चरचं भाडं देत नव्हते, घरात नसलेल्या मशीनचं देत होते. ज्या दिवशी मशीन घरात आली त्या दिवशी भाडं संपलं. म्हणून तू पहिला प्रश्न हा विचार, आज आटपाडी तालुक्यातल्या माणसाच्या घरात कुठली मशीन नाही जी त्याला वर्षातून दोन-चार दिवसच लागते?

मला दोन दिसतात.

पहिली प्रोजेक्टर. बघ, तुमच्याकडं गलाईवाले किती आहेत, सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी अख्ख्या भारतभर पसरलेले, घरं मात्र इकडं बांधलेली, आणि यात्रेला, दिवाळीला, लग्नाला सगळी वीस-पंचवीस माणसं एकदम घरी. त्या चार दिवसांत अंगणात पडदा लावून सगळ्यांनी मिळून बघायची हौस असते, पण त्यासाठी कोणी प्रोजेक्टर विकत घेत नाही. तू पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर, वायर, सगळा सेट एका रात्रीच्या भाड्यानं दे आणि जोडून द्यायला स्वतः जा. काय बघायचं ते त्यांचं, त्यांच्या मोबाईलवर ज्याचं सबस्क्रिप्शन असेल ते लावतील, घरच्या लोकांनी घरात बघायचं. तू तुझ्या अकाउंटचा पासवर्ड भाड्यानं द्यायचा नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, पहिल्या आठवड्यात कोणीतरी मागणारच.

प्रोजेक्टर घेताना ऑनलाइनवर हजारो लुमेन लिहिलेले स्वस्त डबे दिसतील, त्या आकड्याला भुलू नकोस. एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते विचार, सांगत नसेल तर पुढं हो. अंगणात रस्त्यावरचा लाईट पडतोच, तिथं कमी उजेडाचा प्रोजेक्टर म्हणजे नुसती धुरकट भिंत. व्होल्टेजचा भरोसा नाही म्हणून स्टॅबिलायझर सेटमध्येच ठेव, आणि लॅम्पवाला घेतलास तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग उपसायचा नाही, हे गिऱ्हाईकाला तोंडानं सांगून उपयोग नाही, पेटीच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरात लिहून चिकटव. यात्रेत गुलाल असतो, तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो, परत आलेला सेट त्याच दिवशी उघडून ब्रशनं साफ कर नाहीतर पुढच्या गिऱ्हाईकाकडं तासाभरात गरम होऊन बंद पडेल आणि नाव तुझं जाईल. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, तेही आधीच सांग.

दुसरी मशीन व्हीसीआर. आता हसशील तू. अगं, नव्वद सालच्या लग्नांच्या कॅसेटी कपाटात पडून आहेत घराघरात, ज्यांच्या आई-आजी आता नाहीत त्यांचं हलतं-बोलतं रूप फक्त त्यात आहे, आणि ती चालवायला मशीन नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून जे आहे ते जुनंच. चालू हालतीतले दोन व्हीसीआर मिळव, कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं एक कॅप्चर कार्ड घे, कॅसेटवरून पेनड्राइव्हवर काढून द्यायचं काम सुरू कर. एक काळजी घे, कॅसेट हातात आली की लगेच मशीनमध्ये घालायची नाही. खिडकीपाशी नेऊन त्या पारदर्शक चौकोनातून रिळाची कड बघ, काळी चकचकीत असेल तर ठीक, त्यावर पांढरट पिठासारखे ठिपके असतील तर ती बुरशी. तशी कॅसेट घातलीस तर मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या हेडला बुरशी लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी खराब होतात. बुरशीवाली वेगळी ठेव, गिऱ्हाईकाला खरं सांग. आणि लग्नाची कॅसेट आहे, दुसरी प्रत नाही, हरवली तर भरपाई कशी करणार, म्हणून आली की नंबर, नाव, फोन, गेली की सही. व्हीसीआरसाठी माझ्याकडं यायला हरकत नाही, एक पॅनासोनिकचा आहे माळ्यावर, चालतो.

आता डीव्हीडी. तुझा जीव त्यात आहे ते माहितीये, म्हणून नीट ऐक. तू लिहिलंयस की सगळ्या ओरिजिनलच घेणार, पायरसी नाही, म्हणजे प्रॉब्लेम नाही. आहे प्रॉब्लेम. कॉपीराइट कायद्यात, 1957 चा तो, पिक्चरची प्रत व्यावसायिक भाड्यानं द्यायचा हक्क हक्कमालकाकडं ठेवलाय, कलम 14. तू दुकानातून 200 रुपयांची डीव्हीडी घेतलीस म्हणजे बघायचा हक्क घेतलास, भाड्यानं फिरवायचा नाही. त्यासाठी निर्मात्याकडून किंवा ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांच्याकडून लेखी पाहिजे. विनापरवाना धंदा केला तर कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि माल जप्त करायला फौजदाराला वॉरंट लागत नाही. आणि आपल्या राज्यात व्हिडिओ पायरेट्स हे नाव एमपीडीए कायद्यात, म्हणजे धोकादायक माणसांना स्थानबद्ध करायच्या कायद्यात, घातलेलं आहे, वाळू-दारूवाल्यांच्या रांगेत. तुझ्या बाबांना हे कळलं तर शटर तेच ओढतील.

जुने पिक्चर फुकट असतात असं कोणीतरी सांगेल. अर्धं खरं आहे. पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं, ती मोजायची पुढच्या वर्षाच्या जानेवारीपासून. पण गाण्यांचा, कथेचा हक्क वेगळा, तो लिहिणारा गेल्यानंतर 60 वर्षं चालतो. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ घे, अभंग तुकोबांचे, त्यांना कसला कॉपीराइट, पण ‘आधी बीज एकले’ हे तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी त्या पिक्चरसाठी लिहिलेलं आहे. कित्येक कीर्तनकार अजून अभंग म्हणूनच म्हणतात ते. सांगायचं कारण, जुनं दिसलं म्हणून फळीवर लावायचं नाही, वकिलाला दाखवून मग लाव.

मग डीव्हीडी ठेवायचीच नाही का, तर ठेव, पण थोडी. आपल्याकडं छोटे मराठी पिक्चर, डॉक्युमेंटऱ्या करणारे किती जण आहेत, ज्यांचं काम दोन शो लागून गेलं आणि नंतर कुठं दिसलंच नाही. त्यांना मेल कर, फोन कर, सांग आटपाडीत माझं दुकान आहे, भाड्याचा इतका वाटा देते, एका कागदावर सही करा. पाच नकार येतील, एक होकार येईल. अशा वीस टायटलची फळी झाली तरी ती दुसरीकडं मिळत नाही ना, मग माणूस तुझ्याकडंच येणार. हिंदीतला कालपरवाचा हिट तो मोबाईलवर बघतो, त्याच्यासाठी तुझी पायरी का चढेल? तालुक्यातल्या शाळांनापण विचार. शाळेनं स्वतःच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालकांना पिक्चर दाखवला तर कायद्यात सूट आहे. चौकात, मंडळात, तिकीट लावून दाखवायचं म्हटलं की ती सूट संपली, तिथं परवानगी वेगळी, तू तुझ्या पावतीवरच छापून टाक ‘घरगुती वापरासाठी’.

हिशोब असा बघ. समज डीव्हीडी 200 ला पडली आणि भाडं 20, तर ती दहा वेळा बाहेर जाऊन धड परत आली की नुसती स्वतःची किंमत फेडते, लायसन्सचा वाटा, गाळ्याचं भाडं, लाईटबिल अजून बाकी. म्हणजे एक डिस्क किती दिवस बाहेर राहते यावर सगळं आहे. शहरातले लोक एक दिवस, दोन दिवस असा नियम करतात. तुझ्याकडं तो चालणार नाही. गावातल्याला दोन दिवस दे, पण वाडी-वस्तीवरच्या माणसाला शनिवार ते शनिवार दे, तो बाजाराला येतोच, त्यासाठी वेगळी खेप तो मारणार नाही, आणि मारायला लावलीस तर पुन्हा येणारच नाही. दंड लाव पण छोटा लाव, पाहुणा असला तरी घे. आम्ही पाहुण्यांना सोडायचो, मग सगळाच तालुका पाहुणा निघाला.

रिकामं कव्हर फळीवर, डिस्क काउंटरमागं नंबरानं. परत आली की समोरच ट्यूबलाईटखाली तिरकी धरून बघायची. मधल्या भोकापासून कडेला जाणारी सरळ रेघ बहुतेक वेळा चालून जाते, गोल फिरलेला ओरखडा वाईट, तिथं पिक्चर अडकतो. म्हणून पुसतानाही मधून बाहेर सरळ पुसायचं, ताट पुसल्यासारखं गोल नाही. खालची बाजू चांदीसारखी असली तर छापील माल, जांभळट-निळसर दिसली तर ती कोणीतरी घरी बर्न केलेली, कोणी बदलून आणून दिली तर तिथंच कळेल.

आधार कार्ड ठेवून घ्यायचं नाही, डिपॉझिट घे. आणि कोणी काय नेलं हे तोंडातून बाहेर पडता कामा नये. छोटं गाव आहे, वहीतल्या नावावरून लोक गोष्टी रचतात. ‘ए’ सर्टिफिकेटवालं अठराच्या खालच्याला द्यायचं नाही, यूए, म्हणजे पोरांनी मोठ्यांच्या देखरेखीत बघायचं, त्यात आता 7+, 13+, 16+ असं आलंय ते कव्हरवर बघत जा, पोरांच्या आया विचारतात.

कागदपत्रांचं टेन्शन घेऊ नकोस, तुझ्यासारखं मोजक्या कामगारांचं दुकान असलं की शॉप अॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, छोट्या धंद्यांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळतं, एक बऱ्यापैकी प्रोजेक्टर सेट त्यात बसवता येईल. कर्ज काढायचं तर सेटसाठी काढ, फर्निचरसाठी नको.

गाळ्याचं अॅडव्हान्स अजून दिलं नसशील तर देऊ नकोस. दिवाळीपर्यंत घरातूनच कर, एक सेट, एक व्हीसीआर, गल्लीत आणि गलाईवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज टाक, किती फोन येतात ते वहीत लिही, कुठल्या वाडीवरून आला तेपण लिही. त्यानंतर वही घेऊन विट्याला ये, काकूनं सांगितलंय जेवायलाच ये म्हणून, आणि येताना रिकामी पेटी आण, माळ्यावरचा व्हीसीआर एसटीत मांडीवर घेऊन जाता येत नाही, जड आहे.