आधी ताट, मग पाटी

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. रोज अठरा-वीस अंडी निघतात, श्रावण लागल्यानं घरात कुणी खात नाही, टोपल्या भरल्यात, व्यापारी फार्मच्या पांढऱ्या अंड्याच्या भावानं मागतोय आणि बाबा म्हणतात निम्म्या कोंबड्या काढून टाक. शेवटी तुझा आवाज जड झाला, तो मला ऐकवला नाही. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर मी चिडले असते.

कोंबड्या काढायच्या नाहीत. हे आधी पक्कं कर, मग पुढचं वाच.

तू हिशेब उलट्या टोकानं मांडलास. आधी व्यापारी, मग बाजार, मग शेजारपाजार, आणि उरलं तर घर. घर पहिलं धर. आधी ताट, मग बाजाराला न्यायची पाटी. अंगणवाडीत असताना येईल त्या बाईला मी हेच सांगत आले आणि तुलाही हेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

तुमच्या घरात माणसं सात. आजी, आई, बाबा श्रावण पाळतात, त्यांच्या व्रताला आपण हात लावायचा नाही. उरले चौघं. त्यात तुझ्या भावाचा पोरगा तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या पोराला श्रावण नसतो. त्याला रोज एक अंडं मिळतंय का? तू सांगितलं नाहीस, म्हणजे मिळत नसणार. आणि वहिनीला सहावा महिना. तिला देत नाही कारण आजी म्हणते अंडं गरम पडतं. आजीशी वाद घालू नकोस, तिच्या सासूनं तिला जे सांगितलं तेच ती सांगते. पण वहिनीच्या ताटात नीट उकडलेलं अंडं रोज पडलंच पाहिजे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, बलकात अ जीवनसत्त्व आणि बी-12 असतं, आणि डाळ-भातावर पोटातलं पोर वाढवणाऱ्या बाईला याच गोष्टी कमी पडतात. तिच्या लोहाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या. अंड्यातलं लोह थोडं असतं आणि अंगी लागतंही कमी, तेव्हा अंडं खाते म्हणून गोळी बंद, असं होऊ देऊ नकोस.

तुला वाटेल, मावशी घरातल्यांच्या खाण्यावरच का घसरते. सांगते.

राजूरच्या बाजाराला जाणाऱ्या बाया आमच्या अंगणवाडीवरूनच जायच्या. एक जण पोराचं वजन करायला थांबली. डोक्यावर पाटी, पाटीत भाताचा पेंढा, पेंढ्यात एकेक अंडं असं बसवलेलं की चढ-उतारातही एकाला दुसरं लागू नये. काखेत पोर. मी पोराच्या दंडाला पट्टी लावली. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे पोर अतिकुपोषित. पट्टी ओढली तर लालाच्याही आतच आली, एवढासा दंड. मी विचारलं, याला अंडं देतेस का गं? ती म्हणाली, "नाही बाई, ही मिठामिरचीची हायेत." आणि पाटी उचलून गेली. तिच्या बोलण्यावर मला काय बोलता येणार होतं? मीठ, मिरची, घासलेट त्या पाटीवरच यायचं. पण ते पोर आणि ती पाटी एकाच बाईच्या अंगावर होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही.

आणि माझी थोरली बहीण. आमच्या आईकडं गावठी कोंबड्या होत्या. अंडी बाजारात जायची, एखाद-दुसरं मागं राहिलं तर भावांना अर्धं-अर्धं. बहिणीनं लग्न होईपर्यंत सबंध अंडं कधी खाल्लं नाही. पहिल्या बाळंतपणात ती गेली. अंड्यानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही, तेवढं मला कळतं. पण दारात कोंबड्या असून तिच्या वाट्याला अंडं आलं नाही, हे मी कुणाला माफ केलेलं नाही.

आता तुझ्या अंड्यांकडं वळू. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी वर्षाला 180 अंडी सांगते, म्हणजे एक दिवसाआड एक. सात माणसांची झाली 1260. तुझ्या तीस ग्रामप्रिया जातीच्या सुधारित कोंबड्या परसात हिंडून-फिरून वर्षाला 160-180 अंडी जरी देत असल्या तरी पाच हजाराच्या आसपास होतात. म्हणजे घरानं पोटभर खाल्लं तरी चौथा हिस्साच लागतो. तीन हिस्से विकायला आहेतच की! मग घरच्या ताटात अंडं घालताना हात का आखडतो? आमच्या गावठी कोंबडीनं वर्षाला पन्नास-साठ दिली तरी पुष्कळ म्हणायचो. तेव्हा टंचाई होती. तुझ्याकडं ती नाही.

मोठ्यांचा श्रावण संपेपर्यंत अंडी टिकवायची कशी, ते नीट ऐक. इथं बहुतेक जण गडबड करतात.

अंडी धुवायची नाहीत. अंड्यावर एक पातळ थर असतो, तो बारीक छिद्रं झाकून ठेवतो. धुतलं की तो जातो, आणि पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. शीट लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पूस, फारच बरबटलेलं असेल तर ते अंडं त्याच दिवशी पूर्ण शिजवून खा. खुराड्यातलं अंथरूण कोरडं ठेवलंस की निम्मं काम तिथंच होतं. पावसाळ्यात तांदळाचा तूस दर दोन-तीन दिवसांनी बदल, आळस करू नकोस.

कोंबडा वेगळा काढ. अंडी घालायला कोंबडी पुरते, कोंबडा लागत नाही. फळलेलं अंडं उबेत राहिलं की आत जीव धरायला लागतो आणि लवकर खराब होतं. वांझ अंडं जास्त टिकतं. कोंबडा काढल्यावरही दोन-तीन आठवडे फळलेली अंडी येत राहतात, म्हणून हे आजच कर.

प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं तारीख घाल आणि टोकदार बाजू खाली करून ठेव. फ्रीजमध्ये महिनाभर आरामात राहतात. फ्रीजमध्ये जागा नसेल तर घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या वाळूत माठ अर्धा पूर, आत पेंढा, वर ओलं फडकं. त्यातली आठवड्याभरात संपव. चुन्याच्या निवळीचीही जुनी रीत आहे. चुना पाण्यात विरवायचा, खाली बसू द्यायचा, वरच्या निवळ पाण्यात स्वच्छ अंडी रात्रभर, चौदा-सोळा तास बुडवून ठेवायची, मग सावलीत सुकवायची. चुना छिद्रं बुजवतो आणि अंडी तीन-चार आठवडे निघतात. हे काम छोटा झोपल्यावर कर, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. अशी ठेवलेली अंडी अर्धी-कच्ची खायची नाहीत.

शंका आली तर पाण्यात टाकून बघ. तळाशी आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, पण चालतं. तरंगलं तर उकिरड्यात पुरून टाक, कुत्र्यालाही घालू नकोस. आणि कधीही थेट पातेल्यात अंडं फोडू नकोस. आधी वाटीत. एका कुजक्यानं सबंध कालवण जातं.

पिल्लं काढू का, असंही तू विचारलंस. आत्ता नको. या पावसात पिल्लं गारठून मरतात. दिवाळीनंतर बसव, तीही शेजारच्या खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या, गावठी कोंबडीखाली. तुझ्या ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाहीत. बसवायच्या आधी आठ-दहा दिवस कोंबडा परत सोड. अंडी आठवड्याच्या आतली आणि फ्रीजमध्ये न गेलेली घे, दहा-बारा पुरे, एकविसाव्या दिवशी पिल्लं. पण या जातीची पिल्लं आईएवढी अंडी देत नाहीत, हे आधीच धरून चाल. अंडी हवी असतील तर नवीन पिल्लं विकतच आणावी लागतील.

करायचं काय काय, हे तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त येतं. तरी एक सांगते, कारण अंडी पुष्कळ असली की आमच्याकडं हेच होतं. काळ्या मसाल्याचा रस्सा नेहमीसारखा कर, जरा पातळच. खळखळ उकळी आली की जाळ कमी कर. अंडं वाटीत फोडून वाटी रश्शाला टेकवून कडेनं अलगद सोड, एकाशेजारी एक. पळी घालायची नाही, कितीही वाटलं तरी. झाकण ठेव. पांढरं धरतं, मग बलक धरतो. वहिनीसाठी आणि छोट्यासाठी बलक पार घट्ट होईपर्यंत ठेव. उकडण्याचा, सोलण्याचा वेळ वाचतो आणि रश्शाची चव आतपर्यंत जाते. उकडायचीच असतील तर आठ दिवसांपूर्वीची घे. आजच्या अंड्याचं साल सुटत नाही, निम्मं पांढरं सालाबरोबर जातं. छोट्याला नागलीच्या धिरड्यात दोन अंडी फेटून घाल, तो अंडं म्हणून तोंड फिरवणार नाही. शेवग्याचा पाला पावसात भरपूर असतो, कोवळा चिरून भुर्जीत घाल. टरफलं वाळवून, कुटून कोंबड्यांनाच घाल. त्यांना लागणारा चुना बाजारातून आणायला नको.

आणि वानवळा दे. आपल्याकडं शेंगा निघाल्या, हुरडा आला की वानवळा जातो, मग अंड्यांचा का नाही? ज्या घरात लहान पोर आहे आणि कोंबडी नाही, त्या घरी आधी. शाळेत नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. पोरं त्या दिवशी शाळा चुकवत नसत. जानेवारी 2025 मध्ये शासनानं त्याचा पैसा बंद केला, लोकसहभागातून द्यायची मुभा तेवढी राहिली. तुझ्या वस्तीवरच्या शाळेत पट किती आहे? वीस-पंचवीस असेल. तुझी एका दिवसाची अंडी झाली. गुरुजींशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोल, आठवड्यातला एक दिवस ठरव. बाबांना हे पटणार नाही. मी बोलीन त्यांच्याशी.

माझ्यावरही अशी वेळ आलेली आहे. बचत गटानं अंडी एकत्र करून शहरात पाठवायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, ज्या घरात सहा वर्षांच्या आतलं पोर आहे किंवा पोटुशी बाई आहे, त्यांनी त्यांच्या वाट्याची आधी काढून ठेवायची, मग उरलेली गटाकडं. मोठी भांडणं झाली. हट्टी म्हणाल्या, गटाचं नुकसान करते म्हणाल्या. दोघी-तिघी सोडून गेल्या. पैसे कमी आले, आमच्या घराचं कौल काढून पत्रा टाकायला उशीर झाला, त्याचं बोलणं मी घरातही खाल्लं. पण मी हटले नाही आणि आज परत तीच वेळ आली तरी हटणार नाही. पैशाला मी नाव ठेवत नाही. पैसा लागतो, मला लागला, तुला तुझ्या फीला लागेल. माझं म्हणणं एवढंच की पाटी भरताना घरातलं पोर मागं राहता कामा नये. मला हट्टी म्हणणाऱ्यांतल्या एकीची सून आता माझ्याकडूनच अंडी नेते, तिच्या पोरासाठी. मी तिला भाव कमी लावते.

विकायचं म्हणशील तर व्यापाऱ्याला फार्मच्या भावानं एकही देऊ नकोस. तुझी अंडी हिंडत्या कोंबडीची आहेत, बलक बघितला की गिऱ्हाईक परत येतं. तालुक्याला नोकरीवाल्यांची घरं आहेत. पाच-सहा घरं बांधून घे, आठवड्याला ठरावीक अंडी, तारीख घातलेली. श्रावणात मागणी पडते, थंडीत चढते, दरवर्षीचं आहे. या महिन्यावरून वर्षाचा हिशेब करू नकोस.

मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची, लस राहिली असेल तर या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात विचार. ती राहिली तर अंडी जास्त झाल्याचं दुःख करायला कोंबड्या उरणार नाहीत.

माठ नवा घेऊ नकोस, माझ्याकडं एक पडून आहे. बाजाराच्या दिवशी भावाला पाठव, त्याच्याबरोबर कोंबडाही देऊन टाक, दिवाळीपर्यंत मी सांभाळते. आणि वहिनीला आज संध्याकाळी अंडं दिलंस का, तेवढं मेसेज करून कळव.

तुझी,
मावशी