तेल महाग, मग सोयाबीन स्वस्त का?

प्रश्न : आम्ही बार्शी तालुक्यातले. किराणा दुकानात सोयाबीन तेलाचा डबा महाग झालाय आणि आडतीवर आमच्या सोयाबीनला हमीभावही मिळेना, असं कसं ओ?

उत्तर : दादा, तुमचा राग अगदी बरोबर आहे. पण एक गोष्ट बघा, सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम 18-20 टक्के, बाकी बहुतेक सगळी पेंड. सॉल्व्हंट प्लांटमध्ये दाणा फोडून, त्याचे पोहे करून हेक्झेन नावाच्या रसायनानं तेल काढतात आणि उरलेली पेंड कोंबडीखाद्याला जाते, त्यामुळं मिलवाला तुमच्या मालाला किती देणार हे पेंडीवर फार अवलंबून असतं. आता मक्यापासून इथेनॉल बनवताना उरणारा चोथा स्वस्तात मिळायला लागला, पोल्ट्रीवाले तिकडं वळले आणि पेंडीचा भाव पडला. बाहेरही तेच, ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त, मग आपली निर्यात कशी होणार?

तेलाचं गणित वेगळंय. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आयातच होतं, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं. अमेरिकेत हेच तेल बायोडिझेलला जातं, म्हणून अमेरिकेतल्या शिकागो वायदेबाजारातला भाव हलला की सोलापुरात डबा हलतो. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी 20 वरून 10 टक्के केली, ती गिऱ्हाईकासाठी ठीक, पण शेतकऱ्याला मारक असं माझं स्पष्ट मत आहे.

2025-26 साठी हमीभाव क्विंटलला 5328 रुपये जाहीर झाला, सरकारी खरेदीची नोंदणी सुरू झाली की लगेच करा आणि माल वाळवून न्या, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की परत पाठवतात.