स्कोनमध्ये अक्रोड-मनुका घातल्या की ते कडक का होतात?

तुम्ही लिहिलंय की साधे स्कोन (बेकिंग पावडरने फुगवलेले, केक आणि पावाच्या मधले छोटे गोड तुकडे) छान फुगतात पण अक्रोड, मनुका, जर्दाळू घातले की तेच कडक आणि बसके होतात, शिवाय वरच्या मनुका जळून कडू लागतात. ओव्हनचं तापमान बदलत बसू नका, आधी पाणी कुठे जातंय ते बघा. सुकी फळं तशीच घातली की ती पिठातलं दूध शोषून घेतात, मग पीठ कोरडं वाटतं म्हणून आपण अजून दूध ओततो, अजून मळतो, आणि जास्त मळलं की मैद्यातलं ग्लूटेन (प्रथिनांचं ताणलं जाणारं जाळं) तयार होऊन स्कोन चिवट होणारच.

म्हणून फळं आधी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवा (संत्र्याचा रस असेल तर फारच मस्त), निथळा आणि कापडावर पसरून नीट कोरडी करा. हे कोरडं करणं अजिबात टाळू नका, ओली फळं गेली की त्यांच्याभोवतीचं पीठ कच्चट राहतं. जर्दाळू, अंजीर मनुकेएवढेच चिरा.

अक्रोड किंवा बदाम १७० डिग्रीला ८-१० मिनिटं खमंग वास येईपर्यंत भाजा, पण मग पूर्ण गार होऊ द्या. खरंच पूर्ण. कोमट अक्रोड पिठात पडले की बटर वितळतं आणि स्कोनची सगळी मजा त्या थंड बटरमध्येच आहे, त्याचे छोटे तुकडे ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पोकळी राहून पदर सुटतात. आधीच वितळलेलं बटर मैद्यात मुरून गेलं तर ते पदर येणार कुठून?

माझं प्रमाण २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम साखर, अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, साधारण १२० मिली थंड दूध, आणि फळं व नट्स मिळून १०० ग्रॅम. यापेक्षा जास्त भरायचा मोह होतो पण मग स्कोन कापतानाच फुटतात.

आता क्रम. बटर बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, वाटाण्याएवढे काही तुकडे राहिले तर राहू द्या, आणि फळं-नट्स दूध घालायच्या आधी या कोरड्या पिठातच मिसळा. दूध घातल्यावर टाकलीत तर ती सगळीकडे पसरेपर्यंत मळत बसावं लागतं आणि तिथेच घोळ होतो. दूध पण एकदम सगळं ओतू नका, पीठ जेमतेम गोळा झालं की थांबा, खडबडीत दिसलं तरी चालेल. हातानेच अडीच सेंमी जाड थापा, एकदा दुमडा, परत थापा, बस.

कापताना खरी गंमत कळते. गोल कटर मोठ्या अक्रोडावर अडतो, मग आपण तो गोल फिरवतो आणि पिठाची कड दाबली जाऊन चिकटते, असा स्कोन एका बाजूला कलून फुगतो. त्यामुळे अक्रोड बारीकच चिरा, नाहीतर सरळ सुरी घ्या, मैद्यात बुडवून वरून खाली एका दाबात त्रिकोणी तुकडे पाडा. मला तर सुरीच आवडते, उरलेले तुकडे परत मळायची भानगड नाही.

वर डोकावणाऱ्या मनुका बोटाने आत ढकला, जळायचं थांबेल. दुधाचा ब्रश फक्त वरून फिरवा, बाजूंना ओघळलं की फुगायला अडथळा होतो. ट्रे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये २०० डिग्रीला १५-१८ मिनिटं. एक उचलून तळ बघा, सोनेरी झाला असेल तर काढा.

आणि स्कोन त्याच दिवशी खायचे, दुसऱ्या दिवशी ते कोरडे होतात. जास्तीचे असतील तर कापून कच्चेच फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तेव्हा न वितळवता तसेच बेक करा, तीन-चार मिनिटं जास्त लागतात एवढंच.