दिवस गेल्यावर नाही, आधी या : संधिवात आणि बाळंतपण

संधिवात असलेल्या मुलींचे प्रश्न माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा बहुतेकींना तिसरा-चौथा महिना लागलेला असतो. ते विचारायची वेळ सहा महिने आधीची असते. तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून काही प्रश्न इथे घेते.

प्रश्न : हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (संधिवाताची गोळी) चालू आहे, तिसरा महिना आहे. बंद करू का?

नाही. ही गोळी गरोदरपणात चालते.

प्रश्न : सहाव्या महिन्यात ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 58 आला. आमवात (र्‍हुमॅटॉइड संधिवात) वाढला का?

गरोदरपणात ईएसआर वाढतोच. सांधे सुजलेत का आणि सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. नुसत्या आकड्यावर गोळ्या वाढवायच्या नसतात.

प्रश्न : लहानपणापासूनच्या संधिवातामुळे चोविसाव्या वर्षी दोन्ही खुबे बदलले. आता सातवा महिना आहे. सिझर ठरलेलंच, असं सगळे म्हणतात.

ठरलेलं नाही. खुबे बदललेल्या स्त्रियांची नैसर्गिक बाळंतपणं होतात. मांड्या किती फाकतात, हे मात्र आधी पाहावं लागतं. पाय स्टँडवर चढवून गुडघे जोरात पोटाकडे दाबले, किंवा मांडी आत वळली, तर कृत्रिम सांधा निखळू शकतो. पाठीत भूल दिलेली असेल तर दुखत नाही, त्यामुळे पाय चुकीचा वळला तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणून आठव्या महिन्यात, भूल नसताना, टेबलावर झोपून कोणती स्थिती सोसते ते बघा आणि केसपेपरवर लिहून घ्या. कुशीवर बाळंत होणंही शक्य असतं. खुब्याच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये ठेवा.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही : मान. जुन्या संधिवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, जबडा कमी उघडतो. रात्री दोन वाजता तातडीनं पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर श्वासाची नळी घालताना मान मागे वाकवली जाते, आणि अशा मानेला ते धोक्याचं असतं. भूलतज्ज्ञांना याच महिन्यात भेटा.

प्रश्न : मुलीला तीन वर्षांपासून आमवात आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. मे महिन्यात लग्न आहे. सासरी सांगितलेलं नाही. लग्नानंतर गोळ्या बंद केल्या तर चालेल का? (एक आई, सातारा)

ताई, तुमची भीती मला समजते. पण या लपवाछपवीनं मुलींचं किती नुकसान होतं ते मी रोज बघते. एक मुलगी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची. कधी घ्यायची, कधी राहून जायच्या. वर्षभरात तिची मनगटं वाकली, आणि त्याच काळात तिला दिवस गेले. मेथोट्रेक्सेट पोटात असताना.

मेथोट्रेक्सेटनं गर्भपाताचा आणि बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. म्हणून मूल हवं असेल तर एक ते तीन महिने आधी ती थांबवतात. पण नुसती थांबवत नाहीत! तिच्या जागी सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशी गरोदरपणात चालणारी औषधं सुरू करतात, आणि त्यांवर सांधे शांत राहतात का ते काही महिने बघतात. तोवर गर्भनिरोधन हवंच. लेफ्लुनोमाइड ही संधिवाताची दुसरी गोळी घेणाऱ्यांनी तर फार जपायचं, कारण ती शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते. ती काढायला कोलेस्टिरामाइनचा अकरा दिवसांचा कोर्स द्यावा लागतो. हे सगळं नवऱ्यापासून चोरून कसं करणार? घरात सगळे गोड बातमीची वाट बघत असताना मुलगी 'आत्ता नको' कोणत्या तोंडानं म्हणणार?

निदान मुलाला लग्नाआधी सांगा. दोघांना त्यांच्या डॉक्टरांकडे एकत्र पाठवा. आणि चुकून दिवस गेलेच, तर मेथोट्रेक्सेट त्याच दिवशी थांबवा, फॉलिक अ‍ॅसिड सुरू ठेवा आणि त्याच आठवड्यात भेटा. घाबरून परस्पर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. आधी नीट तपासणी आणि सोनोग्राफी.

प्रश्न : गरोदरपणात गोळ्या नकोत म्हणून सासूबाईंनी एका वैदूकडची पुडी आणली. दोन दिवसांत सूज उतरली. पूर्ण हर्बल आहे म्हणतात.

दोन दिवसांत सूज उतरवणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका मला पहिल्यांदा येते. अशी भेसळ अनेकदा सापडली आहे. काही भस्मांत शिसंही असतं. 2011-12 मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गर्भवतींना शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे, आणि शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड असेल तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

प्रश्न : अ‍ॅडालिमुमॅबची (संधिवाताच्या एका औषधाची) इंजेक्शनं आठव्या महिन्यापर्यंत घेतली. बाळाच्या लसींचं काय?

हे बालरोगतज्ज्ञांना बाळंतपणाआधी सांगा. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर टोचतात आणि ती जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात कमजोर केलेले जिवंत जंतू असतात. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं आणि शेवटच्या महिन्यांत बाळात उतरतं. अशाच जातीचं इन्फ्लिक्सिमॅब आईनं घेतलं असताना बीसीजीनंतर बाळ दगावल्याची घटना 2010 मध्ये नोंदली गेली आहे. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस कधी द्यायचे ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील. बाकीच्या लसी वेळेवर द्या.

प्रश्न : गरोदरपणात माझा आमवात जवळजवळ गेलाच. बरा झाला असं समजू का?

नाही. बऱ्याच जणींना या महिन्यांत आराम पडतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टर फिलिप हेंच यांनी 1930 च्या दशकात हे टिपलं आणि त्याच धाग्यानं पुढे कॉर्टिसोन या स्टेरॉइडपर्यंतचं काम झालं. पण बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांत आजार बहुधा उसळतो, नेमकं बाळाला उचलायच्या दिवसांत. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत. सव्वा महिना संपताच संधिवाततज्ज्ञांना दाखवायचं आहे, ती तारीख माहेरी जाण्याआधीच घेऊन ठेवा.