जुन्या, सापडलेल्या वस्तूंनी स्वस्तात घर सजवायचंय, पण घराची अडगळीची खोली होऊ द्यायची नाही. कसं जमवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याचं नवं घर, खिसा जवळजवळ रिकामा, आणि जिन्याखाली कुणीतरी सोडून दिलेली एक लाकडी शिडी आणि दोन ड्रॉवर. ते वापरायचेत, पण घरी आलेल्या माणसाला 'हे भंगार कुठून गोळा केलं' असं वाटायला नको.

उचला. शिडी तर नक्कीच. ड्रॉवर मात्र आधी उलटे करून नीट बघा. माझा पहिला ड्रॉवर अकराव्या दिवशी, रात्री अडीच वाजता, पुस्तकांसकट भिंतीवरून खाली आला होता, म्हणून सांगतेय.

शाळेत आपण सगळ्यांनी 'टाकाऊपासून टिकाऊ' केलंय. त्यातलं टाकाऊ सगळ्यांना जमायचं, टिकाऊ मात्र बाईंनी मार्क देईपर्यंतच टिकायचं. भंगारातून घर सजवण्याच्या निम्म्याशिम्म्या कल्पना अजून तिथेच आहेत. फोटो निघेपर्यंत वस्तू उभी राहिली की झालं. घरात मात्र तिला रोज कोपर लागतं, तिच्यावर धूळ बसते, कुणीतरी ओला ग्लास आणून ठेवतं. त्यामुळे या उत्तरात सजावट कमी आणि स्क्रू जास्त आहेत, आधीच सांगून ठेवते.

तर तो ड्रॉवर. एका मोडक्या टेबलाचा होता, जड, जुन्या लाकडाचा. भिंतीवर फडताळासारखा लावायचा, म्हणजे तोंड खोलीकडे आणि तळ भिंतीकडे. मी तळातून भिंतीत चार स्क्रू मारले, गिट्ट्या वगैरे घालून, अगदी पक्के. तो पडला तेव्हा दिवा लावून बघते तर तळाची पातळ फळी चारही स्क्रूंसकट भिंतीवर जशीच्या तशी, आणि चौकट तेवढी जमिनीवर. स्क्रूंची काही चूक नव्हती. ड्रॉवरचा तळ बहुतेक वेळा चिकटवलेला नसतोच. पुढच्या फळीला आणि दोन्ही बाजूंना खाच असते, त्यात तो मागून सरकवतात आणि मागे एखाद-दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकतात. मी ड्रॉवरची मागची बाजू वर ठेवली होती. पुस्तकांच्या वजनाने चुका उपटल्या आणि चौकट तळावरून घसरून खाली आली, काडेपेटीची पेटी सरकावी तशी.

मग मी त्याच ड्रॉवरकडे नीट बघितलं. तळ कडांच्या पातळीत नसतो, साधारण सेंटिमीटरभर आत असतो. म्हणजे मागून बघितलं तर तिथे एक उथळ पोकळी असते. त्या पोकळीत मावेल एवढ्या जाडीची लाकडी पट्टी भिंतीला आडवी, लेव्हल लावून बसवायची आणि ड्रॉवर तिच्यावर वरून अडकवायचा. आणि दर्शनी बाजू, म्हणजे हँडलची, वर ठेवायची. जुन्या ड्रॉवरला दर्शनी फळी आणि बाजू जिथे मिळतात तिथे पंख्यासारखे पसरलेले दाते दिसतील, सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. ड्रॉवर रोज ओढला जातो तेव्हा दर्शनी फळी हातात निघून येऊ नये, यासाठी ते असतात. हँडल वर आलं की पुस्तकांचं वजन नेमकं त्याच दिशेने ओढत राहतं. एवढी वर्षं जे काम तो सांधा करत आला, तेच त्याला पुढे करायला सांगायचं. खाली आलेली मागची फळी मात्र अशा ओढीसाठी केलेली नसते. तिला गोंद लावून दोन्हीकडून दोन-दोन स्क्रू द्या, कारण पुस्तकं आता तिच्यावर उभी राहणार. ड्रॉवर भिंतीवर डोलू नये म्हणून खालच्या बाजूला एक छोटा स्क्रू पुरतो. हँडल काढून टाकायचं की नाही, तुमची मर्जी. मी ठेवलंय, त्याला किल्ल्या लटकवते.

घरमालक भोक पाडू देत नसेल तर भिंतीचा नाद सोडा. त्याच ड्रॉवरला खाली चार गोल पाय किंवा चाकं लावली की पलंगाखाली जाणारी चादरींची पेटी होते. ती सजावट नाही हे मान्य, पण चादरी नजरेआड गेल्या की निम्मी सजावट झालेलीच असते.

भंगारातली वस्तू हातात घेतली की 'याचं काय बनवता येईल' असं आपण लगेच विचारतो. 'हिला काय पेलायची सवय आहे' हे विचारलं की जास्त मिळतं. इटलीतल्या आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या डिझायनर भावांनी १९५७ मध्ये मेझाद्रो नावाचं स्टूल केलं. ट्रॅक्टरची पत्र्याची सीट, खाली वाकवलेली पोलादी पट्टी आणि तोल सांभाळायला आडवा लाकडी दांडा, बस. ट्रॅक्टरची सीट बसण्यासाठीच असते, त्यांनी तिला बसण्याचंच काम दिलं. १९६२ चा त्यांचा तोइओ दिवा तर मला फारच आवडतो. वर मोटारीचा हेडलाइट, वायर दांड्याच्या कडेने नेण्यासाठी मासे पकडण्याच्या गळाच्या काठीला असतात तशा कड्या, आणि दिवा कलंडू नये म्हणून पायाशी खुद्द ट्रान्सफॉर्मर. हेडलाइटला ट्रान्सफॉर्मर लागणारच होता, तोच वजन म्हणून वापरला. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते थोरच. पण ते भिंतीवर नुसतं बघायचं आहे, त्यावर कुणी बसणार नाही. घरासाठी मी कास्तिल्योनींच्या बाजूने.

आता शिडी. ती भिंतीला टेकवून उभी करा, पायऱ्यांवर पांघरुणं, टॉवेल, मासिकं. शिडी जेवढ्या उंचीवर टेकते त्याच्या साधारण चौथा भाग तिचे पाय भिंतीपासून दूर हवेत. कामाच्या शिडीचा हाच हिशोब असतो. त्यापेक्षा उभी ठेवली तर एखादं लहान मूल पायरीला धरून ओढतं आणि ती अंगावर येते. जास्त आडवी केली तर पाय घसरतात. जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे पायांखाली चिकटवा. घरात मूल असेल तर वरचं टोक भिंतीला बांधायलाच हवं, आणि त्या एका हुकासाठी घरमालकाशी बोलायला हरकत नाही. शिडी रंगवू नका. तिच्यावरचे आधीच्या कामांचे रंगाचे शिंतोडे तुम्ही मुद्दाम उडवायला गेलात तर जमणार नाहीत.

पण हे सगळं पुढचं. आधी, वस्तू दाराच्या आत येण्यापूर्वी, थोडं संशयी व्हा. लाकडाला एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर घाबरून टाकून देऊ नका. किडा केव्हाच गेलेला असू शकतो. वस्तू आठवडाभर काळ्या कागदावर बाहेरच ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली तर आत अजून कुणीतरी राहतंय. मग ती जिथून आणली तिथे परत. कागद स्वच्छ राहिला तर भोकं ही बहुधा नुसतं वस्तूचं वय, पण पुढेही अधूनमधून लक्ष ठेवा.

गादी, सोफा, कापडी खुर्ची: रस्त्यावरची असेल तर मी हातही लावत नाही, कितीही सुंदर असो. ढेकूण एकदा घरात शिरले की वाचवलेले सगळे पैसे त्यांच्यावर जातात, शिवाय झोप. सुटं कापड, पडदे, उशांचे अभ्रे चालतात, पण थेट ६० अंश सेल्सिअसच्या धुण्यात. तेवढ्या उष्णतेत ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. जे कापड तेवढं गरम पाणी सोसणार नाही ते मी घेत नाही.

मालाच्या पॅलेटचं लाकूड सगळ्यांनाच मोहात पाडतं. त्यावर डाग देऊन उठवलेला शिक्का असतो, तो वाचा. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडासाठी आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिक्क्यात 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. एचटी घरात, एमबी नको. शिक्काच नसेल तर मीही नको म्हणते, त्यावरून काय काय सांडलंय कुणास ठाऊक. आणि पॅलेटचा सोफा करायचा असेल तर कुणा दुसऱ्याला विचारा. मी केला होता. त्यावर कुणी दहा मिनिटांच्या वर बसलं नाही.

जुना रंग सोलून 'खालचं मूळ लाकूड' काढण्याची हौस येईल, सगळ्यांना येते. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. कोरडा पॉलिश पेपर घासला की ती पूड हवेत, मग फरशीवर, मग रांगत्या बाळाच्या हातावर. रंग किती जुना हे माहीत नसेल तर घासूच नका. धड बसलेला असेल तर ओल्या फडक्याने पुसून वर नवा हात द्या. सुटत असेल तर ती वस्तू सोडा. शिशाची भीती नसलेलं लाकूड असेल तर ८०, मग १२०, मग २२० नंबरचा कागद, नेहमी रेषांच्या दिशेने. ८० वरून एकदम २२० वर उडी मारली की पॉलिशनंतर सगळे ओरखडे वर येतात. मला हे एका अख्ख्या टेबलानंतर कळलं.

ड्रॉवरच्या आतला कुबट वास उन्हाने थोडा जातो. पूर्ण घालवायचा तर आतून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. वास लाकडातच कोंडला जातो. बाहेरून काही लावलं नाही तरी चालेल. लोखंडी कड्या-बिजागऱ्या रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पुसा आणि तेलाचं बोट फिरवा. पुसायला तासभर उशीर केला तर गंज परत हजर.

दिव्यांबाबत मी जरा कडक आहे. जुन्या दिव्याचा सांगाडा घ्या, वायर आणि होल्डर नवे घाला. धातूचा सांगाडा असेल तर अर्थिंगची तिसरी वायर हवीच. स्वतः करता येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला द्या. या सगळ्या उद्योगात पैसे खर्च करावेत अशी हीच एक जागा. बल्ब एलईडीचाच. जुन्या पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि टोपलीची किंवा कागदाची शेड त्याच्यावर हळूहळू करपते.

भंगारखाना वाटण्याचं म्हणाल तर तो वस्तूंच्या जुनेपणामुळे कमी आणि संख्येमुळे जास्त वाटतो. एका भिंतीवर एकच 'गोष्ट सांगणारी' वस्तू. बाकीच्यांनी गप्प बसायचं. दहा वेगवेगळ्या फ्रेमी मिळाल्या तर सगळ्यांना एकच रंग द्या, मग त्या एका घरातल्या वाटतात. आणि चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर येऊ द्या. बरेच लोक चित्रं फार उंच लावतात आणि मग खोली रिकामी वाटते म्हणून आणखी वस्तू आणतात. तडे गेलेली सुंदर बशी, केटली, भांडं मिळालं तर त्यात खायला-प्यायला काही घेऊ नका, जुन्या झिलईतही शिसं असू शकतं. झाडं लावायची तर झाड प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्या आणि ती कुंडी त्या भांड्यात ठेवा, भोक पाडायचा खटाटोप वाचतो.

माझ्याकडे दाराशी एक रिकामं खोकं असतं. नवी सापडलेली वस्तू आधी त्यात. महिनाभरात तिची घरातली नेमकी जागा मला बोट ठेवून दाखवता आली नाही तर ती खोक्यासकट पुढच्या माणसाकडे. एक टाइपरायटर असा तीन घरं फिरून परत माझ्याच दाराशी आला होता. अजून जागा सापडलेली नाही.

तुमच्या दोन ड्रॉवरचं एवढं करा: खाली बसून दोघांचा तळ दाबून बघा. जो तळ हलतो, त्याच्या मागच्या चुका काढा, तळ खाचेत पूर्ण पुढे सारा आणि परत ठोका. मग कोपऱ्यांत दाते आहेत की नुसते खिळे, ते बघा. खिळेच असतील तर त्याला भिंतीवर चढवू नका, तो पलंगाखालचा.