रिसीव्हर पाण्यात सोडण्याआधी
माशाला लावलेला टॅग आपला आयडी सांगणारे आवाजाचे सिग्नल (पिंग) पाठवतो आणि पाण्यातला रिसीव्हर ते ऐकून नोंदवतो. सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी रेंज टेस्ट करा, म्हणजे सिग्नल किती अंतरावरून पकडला जातो ते तपासा. टॅग दोरीला बांधून रिसीव्हरपासून 100, 200, 400 मीटरवर थोडा थोडा वेळ ठेवा आणि पाठवलेल्यांपैकी किती सिग्नल नोंदले गेले ते मोजा. वारा सुटून लाटा उसळल्या की हाच आकडा धपकन खाली येऊ शकतो, तेव्हा शांत दिवसाच्या निकालावर भाळू नका. 69 किलोहर्ट्झवरचे दोन टॅग एकाच वेळी बोलले की त्यांचे पिंग एकमेकांत मिसळतात आणि कधीकधी भलताच आयडी उमटतो. दिवसभरात एकदाच दिसलेल्या माशावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. (मी ठेवला होता; नसलेला मासा दोन आठवडे नकाशावर शोधत बसलो!) रिसीव्हरचं घड्याळही सरकतं. टाकताना आणि काढताना संगणकाच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहा.